एकच अ‍ॅप की पाच वेगवेगळी? ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या प्रवाशाने फोनमध्ये काय ठेवावं

डोंबिवलीहून ठाण्याला रोज जाणाऱ्या कोणाचाही फोन बघा. लोकलच्या तिकिटाचं एक अ‍ॅप. टाइमटेबल आणि मेगाब्लॉकसाठी एम-इंडिकेटर. गाडी नेमकी कुठे पोचली ते बघायला आणखी एक. गावी जायचं रिझर्व्हेशन करायला आयआरसीटीसीचं. घाटकोपरला उतरून पुढे जाणाऱ्याकडे मेट्रोचं. मुंबईत बेस्टने फिरणाऱ्याकडे चलो. वर रिक्षा बोलवायचं, पैसे द्यायचं आणि नकाशाचं.

एवढं सगळं कशाला, एकाच अ‍ॅपमध्ये बसवता येत नाही का, असा प्रश्न पूर्वी नुसता विचारण्यापुरता होता. आता त्याचं उत्तर स्टोअरवर मिळतं. २०२५ मध्ये तीन महिन्यांच्या अंतराने अशी दोन एकत्रित अ‍ॅप्स आली आणि दोन्ही आपल्या भागाला थेट लागू आहेत. मग बाकीची काढून टाकायची का? मित्रमंडळी मला हे सारखं विचारतात. "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात सांगण्यासारखं ते नाही, कारण इथे पास, पैसे आणि टीसीसमोर उभं राहायची वेळ, तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून नीट उलगडून बघू.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

पहिलं अ‍ॅप रेलवन. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी ते सुरू केलं. बनवलं आहे क्रिस या रेल्वेच्याच संस्थेने. रेल्वेच्या संगणकप्रणाली हीच संस्था सांभाळते. त्याआधी रेल्वेची कामं अनेक ठिकाणी विखुरलेली होती. रिझर्व्हेशनसाठी आयआरसीटीसी रेल कनेक्ट, लोकलच्या आणि अनारक्षित तिकिटासाठी यूटीएस, गाडी कुठे आहे ते बघायला एनटीईएस, तक्रारीसाठी रेल मदद, सीटवर जेवण मागवायला फूड ऑन ट्रॅक. रेलवनमध्ये हे सगळं एका लॉगिनमध्ये आणलं. जुना रेल कनेक्टचा किंवा यूटीएसचा आयडी असेल तर तोच चालतो, आणि रोज पासवर्ड टाकण्याऐवजी एमपिन किंवा बोटाचा ठसा वापरता येतो.

दुसरं अ‍ॅप मुंबई वन. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचं उद्घाटन केलं. यात एकूण ११ सार्वजनिक वाहतूक सेवा जोडल्या आहेत:

- मेट्रो १, मेट्रो २अ आणि ७, मेट्रो ३
- मोनोरेल आणि नवी मुंबई मेट्रो
- उपनगरी रेल्वे
- बेस्ट, ठाणे परिवहन (टीएमटी), मीरा-भाईंदर परिवहन, कल्याण-डोंबिवली परिवहन (केडीएमटी), नवी मुंबई परिवहन (एनएमएमटी)

यादीत टीएमटी आणि केडीएमटी दोन्ही आहेत हे लक्षात घ्या. बहुतेक "मुंबईच्या" अ‍ॅप्समध्ये मुलुंडनंतर नकाशा संपतो, हे आपल्याला सवयीचं झालंय. इथे निदान कागदावर तरी तसं नाही.

नावाचा एक घोळ आधीच मिटवू. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो २अ आणि ७ साठी "मुंबई १" नावाचं कार्ड आणि अ‍ॅप आलं होतं. ते वेगळं, हे वेगळं. स्टोअरवर शोधताना दोन्ही नावं जवळजवळ सारखीच दिसतात.

दोन्ही "एकत्र", पण एकत्रपणा वेगळा

वरून दोन्ही अ‍ॅप्स सारखी वाटतात. आतून मोठा फरक आहे आणि तुमचा निर्णय बराचसा त्यावरच ठरतो.

रेलवन म्हणजे *एकाच मालकाच्या अनेक खोल्या*. तिकीट रेल्वेचं, गाडी रेल्वेची, अ‍ॅप रेल्वेचं. काही बिघडलं तर जबाबदारी कोणाची, यावर वाद नाही.

मुंबई वन म्हणजे *अनेक मालकांची एक सामाईक खिडकी*. बस टीएमटीची, मेट्रो वेगळ्या कंपनीची, लोकल रेल्वेची. अ‍ॅप मध्ये बसून प्रत्येकाच्या प्रणालीशी बोलतं. या बोलण्याला तांत्रिक भाषेत एपीआय म्हणतात. सोपं करून सांगायचं तर हॉटेलातल्या वेटरसारखं. तुम्ही ऑर्डर वेटरला देता, पदार्थ आत बनतो, वेटर तो आणून देतो. वेटर कितीही तत्पर असला तरी आत गॅस संपला असेल तर पदार्थ येणार नाही. तसंच एखाद्या बससेवेची प्रणाली बंद पडली तर एकत्रित अ‍ॅपमध्येही तिचं तिकीट मिळणार नाही. उलटंही होतं. बससेवा व्यवस्थित चालू आहे, पण मधलं अ‍ॅप बंद पडलं, की तुमच्यासाठी एकदम अकराच्या अकरा दारं बंद.

तिसरा प्रकार माहिती एकत्र करणारा. एम-इंडिकेटर मुळात या प्रकारातलं. लोकलचं वेळापत्रक, बसमार्ग, रिक्षाचे दर, सगळं एका जागी. वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असल्यामुळे नेट नसलं तरी उघडतं. लोकल नकाशावर कुठे आहे हे दाखवणारं यात्री अ‍ॅप मध्य रेल्वेने २०२२ मध्ये आणलं, तेही माहितीचंच. माहिती एकत्र करणं तुलनेने सोपं. पैसे आणि तिकीट एकत्र करणं अवघड, कारण तिथे कोणाचे किती पैसे हा हिशोब रोज जुळवावा लागतो.

एकत्रित अ‍ॅपचा खरा फायदा कधी होतो?

एक कसोटी मला सगळ्यात उपयोगी वाटते: *दोन कामं एकाच फेरीत, एकामागून एक करावी लागतात का?* लागत असतील तर ती एका अ‍ॅपमध्ये असण्याचा फायदा होतो. नसतील तर ती फक्त शेजारी शेजारी ठेवलेली दोन बटणं.

उदाहरण घ्या. कल्याणहून घाटकोपरला लोकल, तिथून मेट्रो १ ने अंधेरी. दोन तिकिटं, दोन रांगा किंवा दोन अ‍ॅप्स. मुंबई वनची कल्पना अशी आहे की असा जोडप्रवास एकाच तिकिटात बसावा, उशीर झाला तर कळावं आणि पर्यायी मार्गही तिथेच दिसावा. इथे एकत्र असण्याला अर्थ आहे, कारण पहिल्या टप्प्याला उशीर झाला की दुसरा टप्पा बदलतो.

आता रेलवन. रोजचं लोकलचं तिकीट आणि गणपतीत कोकणात जायचं रिझर्व्हेशन, यांचा एकमेकांशी संबंध काय? एक आपण रोज सकाळी धावपळीत काढतो, दुसरं वर्षातून तीन-चार वेळा निवांत बसून. इथे एकत्र असण्याचा फायदा एवढाच की लॉगिन एक, वॉलेट एक. फायदा आहेच, पण जोडप्रवासाइतका मोठा नाही.

आपल्या भागात हा प्रश्न पुढे वाढणार आहे. घोडबंदर रोडवरून कासारवडवलीकडे जाणारी मेट्रो ४, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ आणि कल्याण-तळोजा मेट्रो १२ यांची कामं सुरू आहेत. त्या धावू लागल्या की आज "लोकल आणि शेअर रिक्षा" एवढाच असलेला प्रवास तीन टप्प्यांचा होईल. तेव्हा एकत्रित तिकिटाची गरज आजच्यापेक्षा जास्त भासेल.

जिथे एकत्रित अ‍ॅप कमी पडतं

पहिली गोष्ट, शेअर रिक्षा. डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेरच्या रांगेत उभं राहून आपण रोज जे भाडं देतो ते अकरा सेवांच्या यादीत कुठेच नाही. घर ते स्टेशन हा आपल्या प्रवासातला सगळ्यात कटकटीचा तुकडा, आणि तो रोख किंवा यूपीआयवरच चालतो. म्हणजे "एकच अ‍ॅप" म्हटलं तरी डोंबिवलीकराला निदान दोन लागतातच.

दुसरी गोष्ट, वेग. अ‍ॅपमध्ये जितकी कामं, तितकं ते जड. नवीन महागड्या फोनवर फरक जाणवत नाही. तीन-चार वर्षं जुन्या, तीन जीबी रॅमच्या फोनवर मात्र जाणवतो. हे मोजायला सोपं आहे. घड्याळ लावून बघा, अ‍ॅपवर बोट ठेवल्यापासून तिकीट समोर येईपर्यंत किती सेकंद लागतात. सकाळी आठच्या गर्दीत, स्टेशनजवळ नेटवर्क दमलेलं असताना मोजा. रात्री घरच्या वायफायवर मोजलेला आकडा खोटा दिलासा देतो.

तिसरी गोष्ट, गर्दीचा पहिला पडदा. अ‍ॅप उघडल्यावर जे सगळ्यात आधी दिसतं ती जागा फार मौल्यवान असते. मी एक पेमेंट अ‍ॅप अनेक वर्षं वापरतो. पूर्वी उघडलं की समोर स्कॅनचं बटण असायचं. आता मध्ये कर्ज, सोनं, विमा आणि मोफत कूपन यांची रांग ओलांडावी लागते. सोय वाढवली म्हणून सांगितलं जातं, पण माझं मूळ काम एक पाऊल मागे गेलं. एकत्रित अ‍ॅपच्या बाबतीत ही भीती कायमची आहे.

तिकिटाच्या अ‍ॅपचे तीन शत्रू: लोकेशन, नेट आणि बॅटरी

हा भाग नीट वाचा, कारण खिशाला चाट इथेच बसते.

*लोकेशन.* मोबाइलवरचं कागदविरहित अनारक्षित तिकीट स्टेशनच्या हद्दीत शिरल्यावर सहज काढता येऊ नये अशी रचना आहे. कारण उघड आहे. नाहीतर टीसी दिसला की तिकीट काढायचं, नाही दिसला तर फुकट. म्हणून अ‍ॅप तुमचं लोकेशन विचारतं आणि तुम्ही रुळांपासून किती लांब आहात ते बघतं. आता जीपीएसची अचूकता काही मीटर इकडे-तिकडे होते, उंच इमारतींमध्ये जास्तच. डोंबिवलीत बाजार थेट स्टेशनला चिकटलेला. ठाण्यात पश्चिमेला सॅटिसचा पूल स्टेशनला लागून. तुम्ही बाहेर उभे असूनही अ‍ॅपला तुम्ही आत आहात असं वाटू शकतं. अ‍ॅप एकत्र असो की वेगळं, हा नियम बदलत नाही. उपाय साधा: तिकीट घरून निघताना किंवा रिक्षाच्या रांगेतच काढा.

*नेट.* तिकीट काढायला नेट लागतं, पण काढलेलं तिकीट नेट नसतानाही अ‍ॅपमध्ये दाखवता यायला हवं. नवीन कोणतंही तिकिटाचं अ‍ॅप घेतलंत की एक चाचणी करा: तिकीट काढा, विमान मोड चालू करा, अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडा. तिकीट दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर त्या अ‍ॅपवर पास काढू नका. धावत्या गाडीत नेट मिळेलच याची खात्री कोणी देत नाही.

*बॅटरी.* फोन बंद पडला आणि तिकीट दाखवता आलं नाही तर तुम्ही विनातिकीट ठरता. विनातिकीट प्रवासाचा दंड किमान २५० रुपये, वर भाडं वेगळं. स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवावं लागतं. नकाशा, गाडीचं लाइव्ह लोकेशन, गाणी, सगळं एकाच वेळी चालू ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाच अ‍ॅप्सच्या जागी एक ठेवलं म्हणून बॅटरी आपोआप वाचत नाही. खाते ते पार्श्वभूमीत चालणारं लोकेशन.

महिन्याचा पास काढणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मोबाइल पास विशिष्ट फोनशी जोडलेला असतो. फोन दुरुस्तीला द्यायचा असेल किंवा विकायचा असेल तर आधी पास दुसऱ्या फोनवर कसा न्यायचा ते अ‍ॅपमध्ये वाचून घ्या, मग फोन रीसेट करा.

पैसे कुठे अडकतात?

वॉलेट हा एकत्रित अ‍ॅपचा सगळ्यात गोड आणि सगळ्यात चिकट भाग. रेल्वेच्या आर-वॉलेटमधून अनारक्षित तिकीट काढलं की ३ टक्के सवलत, असं रेलवनच्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं. सवलतीच्या अटी अधूनमधून बदलतात, त्यामुळे रिचार्ज करण्याआधी अ‍ॅपमध्ये आजची अट बघा.

गणित करून बघू. महिन्याला ४०० रुपयांची सुटी तिकिटं काढत असाल तर ३ टक्के म्हणजे १२ रुपये. वाईट नाही. पण त्यासाठी २,००० रुपये वॉलेटमध्ये भरून ठेवण्यात अर्थ नाही. त्या पैशांनी फक्त रेल्वेचंच काम होतं, रिक्षावाल्याला देता येत नाहीत. पाच वेगवेगळ्या अ‍ॅप्सचा तोटाही इथेच दिसतो. प्रत्येक वॉलेटमध्ये ४०-५० रुपये पडून राहतात. पाच वॉलेट्स म्हणजे दोन-अडीचशे रुपये कुठेच कामाला न येता अडकले.

माझा सल्ला: एका आठवड्याच्या खर्चाएवढेच पैसे कोणत्याही वॉलेटमध्ये ठेवा. बाकी यूपीआय आहेच.

एकत्र येण्याची दुसरी वाटही आहे, अ‍ॅपशिवायची. २०१९ मध्ये आलेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. कल्पना अशी की एकच कार्ड मेट्रोला, बसला, सगळीकडे चालावं. यात बॅटरी संपत नाही आणि अपडेट यायचं झंझट नाही. फोनऐवजी पाकिटात काहीतरी ठेवायची तयारी असेल तर मेट्रोने नेहमी जाणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

माहिती कोणाकडे जमा होते?

वेगळी अ‍ॅप्स वापरली की रेल्वेला तुमचा रेल्वेप्रवास कळतो, बससेवेला बसप्रवास. एकत्रित अ‍ॅपला पूर्ण दिवस कळतो. कुठून निघालात, कुठे बदललात, किती वाजता परत आलात. म्हणून घाबरायचं असं नाही, पण हे माहीत असायला हवं.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये जाऊन ते अ‍ॅप उघडा आणि परवानग्या बघा. तीन नियम पाळा:

- लोकेशन: "अ‍ॅप वापरत असतानाच" एवढंच द्या. "नेहमी" देऊ नका.
- कॉन्टॅक्ट्स, फोटो, मायक्रोफोन: त्या परवानगीशिवाय तिकीट निघतंय का ते बघा. निघत असेल तर नकार द्या.
- एकत्रित अ‍ॅपमधला जो भाग तुम्ही वापरतच नाही, त्यासाठीची परवानगी बंद ठेवा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगायचं बंधन त्यात आहे. म्हणून परवानगीची खिडकी डोळे मिटून "ओके" करण्याऐवजी दहा सेकंद वाचा.

बाकी जगात काय झालं?

एकत्र की वेगळं हा वाद फक्त आपला नाही. कंपन्याही यात दोन्ही बाजूंना फिरून आल्या आहेत.

चीनमध्ये २०११ साली आलेलं वुईचॅट चॅटपासून सुरू झालं आणि पैसे, तिकिटं, दुकानं सगळं त्यात आलं. आपल्याकडे टाटा समूहाने एप्रिल २०२२ मध्ये टाटा न्यू हे एकत्रित अ‍ॅप आणलं. उलट दिशेने, फेसबुकने २०१४ मध्ये मेसेज मुख्य अ‍ॅपमधून काढून मेसेंजर वेगळं केलं. स्विगीने किराणा बरीच वर्षं एकाच अ‍ॅपमध्ये ठेवला आणि २०२५ मध्ये इन्स्टामार्टचं स्वतंत्र अ‍ॅपही आणलं. झोमॅटोवाल्यांनी तर किराण्याला ब्लिंकिट आणि सिनेमा-कार्यक्रमांना डिस्ट्रिक्ट अशी वेगळीच अ‍ॅप्स ठेवली. ज्यांच्याकडे पैसा आणि इंजिनिअर भरपूर आहेत त्यांचंही यावर एकमत नाही.

वाहतुकीतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात २०१६ मध्ये व्हिम नावाचं अ‍ॅप आलं. बस, ट्रॅम, टॅक्सी, सायकल, सगळं एका मासिक वर्गणीत. जगभर त्याचं कौतुक झालं. पण ते चालवणारी कंपनी ना बसची मालक होती, ना टॅक्सीची. २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. बसेस आणि ट्रॅम मात्र आजही धावतात. चेन्नईतही सप्टेंबर २०२५ मध्ये चेन्नई वन नावाचं असंच अ‍ॅप आलं, पण ते तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने आणलंय. मधली खिडकी कोण चालवतं आणि ती किती वर्षं टिकेल, हे म्हणून बघायचं.

ठाण्यातही एकत्रित अ‍ॅपची कल्पना नवीन नाही. महापालिकेने २०१८ मध्ये डिजी ठाणे सुरू केलं होतं. तेल अवीव शहराच्या डिजीटेल योजनेवरून ते घेतलं होतं आणि शहराच्या सेवा, माहिती, दुकानांच्या सवलती एकाच ठिकाणी द्यायचा विचार त्यात होता. आज तुमच्या ओळखीतल्या किती जणांच्या फोनमध्ये ते आहे, विचारून बघा. रोज लागणारं एक तरी काम त्यात नसेल तर एकत्रित अ‍ॅप फोनमध्ये टिकत नाही. लोकलचं तिकीट हे तसं रोजचं काम आहे, म्हणून रेलवन आणि मुंबई वनला जास्त संधी आहे.

ठरवायचं कसं? स्वतःला सहा प्रश्न विचारा

१. माझी कामं एकाच फेरीत एकामागून एक येतात का? येत असतील तर एकत्र.

२. हे अ‍ॅप सकाळी आठला बंद पडलं तर माझ्याकडे दुसरा रस्ता आहे का? नसेल तर एक वेगळं अ‍ॅप किंवा कार्ड राखून ठेवा.

३. अ‍ॅप मूळ सेवा देणाऱ्याचं आहे की मध्यस्थाचं? पैसे कापले आणि तिकीट आलं नाही तर तक्रार कोणाकडे, हे आधीच शोधा.

४. नेट नसताना काढलेलं तिकीट दिसतं का?

५. वॉलेटशिवाय, थेट यूपीआयने तिकीट निघतं का?

६. माझ्या फोनवर ते किती सेकंदात उघडतं?

यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर बाकी कितीही सोयी असल्या तरी त्या एकाच अ‍ॅपवर अवलंबून राहू नका.

कोणासाठी काय?

*कल्याण-ठाणे फक्त लोकलने, महिन्याचा पास.* रेलवन आणि एक वेळापत्रकाचं अ‍ॅप. एवढं पुरे. मुंबई वन तुम्हाला सध्या फार काही जास्त देत नाही.

*डोंबिवलीहून लोकल, पुढे टीएमटीने घोडबंदर रोडवर कॉलेज.* पास रेलवनवर, बसच्या तिकिटासाठी मुंबई वन वापरून बघा. पण पहिल्या दिवशी सुटे पैसेही जवळ ठेवा. तुमच्या मार्गाच्या बसमध्ये कंडक्टर ते तिकीट कसं तपासतो हे एकदा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही.

*मुलाखती, क्लास, पार्टटाइम काम, रोज वेगळीकडे.* मुंबई वनचा सगळ्यात जास्त उपयोग तुम्हाला. लोकल, मेट्रो, बेस्ट सगळं बदलत राहतं, आणि प्रत्येक सेवेसाठी वेगळं खातं उघडणं परवडत नाही.

*जुना फोन, ३२ जीबी जागा.* आधी सेटिंग्जमध्ये प्रत्येक अ‍ॅपने किती जागा घेतलीय ते बघा. स्टोअरवर दिसणारा आकडा फक्त सुरुवातीचा असतो, वापरात डेटा आणि कॅशे वाढत जातात. एकाच मालकाची चार अ‍ॅप्स असतील तर ती काढून एकत्रित ठेवणं इथे सरळ फायद्याचं.

*घरातल्या मोठ्यांसाठी.* आई-बाबांच्या फोनमध्ये पंधरा बटणांचं अ‍ॅप टाकून देऊ नका. त्यांना एकच काम लागत असेल तर एकाच कामाचं अ‍ॅप, किंवा स्टेशनवरच्या एटीव्हीएम मशिनसाठी स्मार्ट कार्ड. तेही एक चांगलं उत्तर आहे.

माझ्या फोनमध्ये काय आहे?

मी डोंबिवली-ठाणे रोज जातो आणि आठवड्यातून एकदा-दोनदा मेट्रो लागते. मी रेलवन ठेवलंय, कारण पास आणि रिझर्व्हेशन एकाच लॉगिनमध्ये आलं. वेळापत्रकाचं अ‍ॅप वेगळंच ठेवलंय. गाडी चुकली की मला दोन सेकंदात पुढची गाडी बघायची असते आणि त्यासाठी लॉगिन नको असतं. मुंबई वन मेट्रोच्या दिवसांसाठी. थोडक्यात, *पैसे आणि तिकीट कमीत कमी ठिकाणी, माहिती मात्र वेगळी आणि हलकी.* पाचाची तीन झाली, एक नाही झालं. सध्या तरी मला हाच तोल बरोबर वाटतो.

बदल करताना हे क्रमाने करा

- नवीन अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून किंवा एपीके फाइलवरून नाही. रेलवनखाली प्रकाशक म्हणून क्रिसचं पूर्ण नाव, सेंटर फॉर रेल्वे इन्फर्मेशन सिस्टिम्स, दिसायला हवं.
- जुनं अ‍ॅप लगेच काढू नका. चालू पास संपेपर्यंत आणि जुन्या वॉलेटमधली शिल्लक नवीन अ‍ॅपमध्ये दिसेपर्यंत थांबा.
- पहिला आठवडा फक्त सुटी तिकिटं काढा. महिन्याचा किंवा तिमाही पास दुसऱ्या आठवड्यात.
- पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी बुकिंगचा इतिहास बघा, मग व्यवहार क्रमांक जपून ठेवा.
- हे सगळं फलाटावर पोचायच्या आधी. गाडी शिरत असताना, आणि दारात उभं राहून तर अजिबात नाही. पुढची लोकल काही मिनिटांत येते.